पाणपोईवर हजर

जमादार, काल तुमचा दहावा झाला आणि मी अजून रडलेलो नाही.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर होतो. मिलचा भोंगा झाला, मी हजेरीची खिडकी उघडली, कामगारांचे बिल्ले घेतले, आकडे मांडले, बेरीज जुळली. एकही चूक नाही. एरवी महिन्याला एखादी तरी होतेच. घरी येऊन जेवलो. आमटीत मीठ नाही हे बायकोच्या लक्षात आलं, माझ्या आलं नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो ना, आहे हे कळतं पण आपला वाटत नाही, तसं काहीतरी आत झालंय. पायाला निदान मुंग्या तरी येतात थोड्या वेळानं.

तुमच्याबद्दल चार शब्द लिहा, असं मंडळातल्या वकिलांनी मला सांगितलं. कुठं जन्मलात, किती वर्षं नोकरी केलीत, पट्टे कधी मिळाले, असलं सगळं. ते मी लिहिणार नाही. मला माहीतही नाही. पोलिसातला जमादार आणि मिलमधला हजेरी कारकून यांचं एवढं काय जमलं, हे आपल्या दोघांनाही कधी सांगता आलं नाही. मैत्री म्हणावी, तर न भांडता गेलेला एक आठवडा दाखवता येणार नाही. आणि आता भांडण अर्धं टाकून तुम्ही निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत.

पहिलं भांडण सिद्रामवरून. शेवटचंही त्याच्यावरूनच.

सिद्राम अक्कलकोटकडचा. घरफोडीसाठी तीनदा तुरुंगात जाऊन आलेला. आपल्याकडची घरं माळवदाची, आणि उजेडासाठी माळवदाला सवणं ठेवलेलं. त्या भोकातून दोर सोडायचा आणि अलगद घरात उतरायचं, ही त्याची रीत. "सोलापुरात सवण्याबिगर घर न्हाय, म्हनून सिद्रामला कदी बेकारी न्हाय," असं तुम्ही म्हणायचात. सुटून आलेल्या कैद्यांना काहीतरी काम मिळवून द्यावं म्हणून आम्ही चारपाच जणांनी एक मंडळ काढलं होतं. एक वकील, दोन शिक्षक, एक वैद्य आणि मी. सिद्रामला मी मिलमध्ये गाठी बांधायच्या खात्यात चिकटवला. आठच दिवसांत त्याच्यावर उशिराचे शेरे पडायला लागले. रोज. विचारलं, तर खाली मान घालून उभा.

कारण तुमच्या चौकीत होतं. तुरुंगात पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांची नावं तुमच्या रजिस्टरात, आणि त्यांनी रोज सकाळी चौकीवर येऊन अंगठा द्यायचा. वेळ नेमकी मिलच्या भोंग्याची. तिकडे चुकला तर कोठडी, इकडे चुकला तर नोकरी गेली. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तणतणत चौकीवर आलो. तुम्ही ओट्यावर मिशांना तेल लावत बसला होतात.

"जमादार, माणसानं एका वेळी दोन ठिकाणी हजर कसं राहायचं, तेवढं मला शिकवा."

"शिकवतो की. बसा. च्या घ्या."

"मी चहा प्यायला आलेलो नाही."

"मंग पानी घ्या. पर बसून बोला, कारकूनसायेब. उभ्या मानसाचं मला आयकू येत न्हाय."

मी बसलो. दुसऱ्या दिवसापासून मिलमधल्या माणसांची चौकीवरची हजेरी संध्याकाळी झाली. मी विचारलं, वरून परवानगी इतक्या लवकर कशी आली? तुम्ही म्हणालात, "वर इचारलं की वरचे न्हाय म्हन्त्यात. म्हनून इचारायचंच न्हाय." सरकारी नोकराच्या तोंडचं हे वाक्य मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, इतकं मला ते आवडलं होतं. तुम्हाला मात्र कधी सांगितलं नाही.

तुमची पाळत ठेवायची तऱ्हाही अजब. दुसरे पोलीस माणसाच्या मागे फिरायचे, तुम्ही त्याच्या चुलीकडे बघायचात. गल्लीतून सहज चालल्यासारखं जायचं आणि धूर निघतोय की नाही ते पाहून यायचं. एखाद्याची चूल सलग दोन दिवस थंड दिसली, की तुम्ही माझ्या खिडकीशी हजर. "त्या बाळूचं बघा कायतरी. परवापास्नं धूर न्हाय." मग मंडळानं धान्य पोचवायचं, कुणाच्या बायकोचं दुखणं असेल तर वैद्यांना पाठवायचं, कुणाला मुकादमानं काढलं असेल तर मी त्या मुकादमाच्या विनवण्या करायच्या. या कामी तुम्ही मला मिलमधल्या साहेबांपेक्षा जास्त पळवलंत. रजिस्टरवरची किती माणसं त्या काळात पुन्हा आत गेली नाहीत, हे आम्ही मंडळाच्या सभेत मोठ्या तोऱ्यात सांगायचो. तुमचं नाव त्यात नसायचं. पोलीस म्हटलं की देणगी देणारे बिचकतात, असं वकिलांचं म्हणणं, आणि मीही गप्प बसायचो. जमादार, ते चुकलं. आता सांगून काय उपयोग, पण चुकलं.

माझा खरा राग होता तो गड्ड्याच्या जत्रेतल्या पद्धतीवर. संक्रांतीच्या सुमाराला सगळं शहर सिद्धेश्वराकडे लोटतं, घरं ओस पडतात. म्हणून त्या दिवसांत रजिस्टरवरच्या सगळ्यांना सकाळपासून चौकीच्या आवारात आणून बसवायचं, दिवे लागले की सोडायचं. कुणी काही केलेलं नसताना. तुम्ही आपल्यापरीनं त्यात गोडवा आणला होता. आवाराबाहेर पाणपोई घातली होती आणि ही माणसं जत्रेकरूंना पाणी द्यायची. दुपारी वहिनींच्या हातच्या भाकरी आणि शेंगाची चटणी. पण कुंपण ते कुंपणच. नंदीध्वजांच्या काठ्या वाजतगाजत जवळून निघाल्या, की ही मोठीमोठी माणसं पोरांसारखी टाचा उंच करून बघायची. मला ते बघवायचं नाही.

सिद्रामची मुलगी, गंगू, तेव्हा पाचसहा वर्षांची. बाप आपल्याला गड्ड्याला का नेत नाही, म्हणून तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. सिद्रामला सुटून तीन वर्षं झाली होती. एक बिल्ला चुकला नव्हता. मी तुम्हाला म्हटलं, आता त्याचं नाव काढून टाका.

"काडू की. ह्यो गड्डा जाऊ द्या."

"का? त्याच्यावर विश्वास नाही तुमचा?"

"त्येच्यावर हाय. बाकीच्यांवर न्हाय. उंद्या कुटं सवण्यातनं चोरी झाली, तर समदे कुनाकडं बोट दावतील? माज्या आवारात बसला आसंल, तर बोट दावनाऱ्याचं बोट म्या मोडीन. भाईर आसंल तर काय करू?"

मी ऐकलं नाही. तुमच्या डोक्यावरून वकिलांना घेऊन थेट पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी सिद्रामचा सगळा कागद पाहिला, शिक्षणाचे आणि सुधारणेचे दोन शब्द बोलले, आणि हुकूम दिला. नाव लाल शाईनं कमी झालं. वर, यापुढे या माणसावर कसलीही पाळत ठेवू नये, असंही लिहून आलं. तो कागद मी स्वतः तुमच्या हातात दिला. तुम्ही वाचलात, घडी घातलीत, खिशात ठेवलात. "बरं," म्हणालात. त्या 'बरं'वर मी दिवसभर खूश होतो.

गड्ड्यातल्या अक्षतांच्या दिवशी सकाळी सिद्राम, त्याची बायको आणि त्याच्या खांद्यावर गंगू, अशी वरात माझ्या दारावरून गेली. नव्या टोपीत तो मला आधी ओळखूच आला नाही. त्याच दुपारी, सगळं शहर "हर्र बोला" करत अक्षता टाकत असताना, शुक्रवार पेठेत एका कापडवाल्याचं घर फुटलं. सवण्यातून. दोर तिथंच लोंबकळत होता.

दिवेलागणीला सिद्रामला घरातून उचलला. चौथ्या खेपेला किती वर्षांची शिक्षा बसते, ते मला वकिलांनी हळू आवाजात सांगितलं. तोपर्यंत गंगूचं लग्न होऊन गेलं असतं. मी चौकीवर धावलो. फौजदार सिद्रामला विचारत होते, दुपारभर कुठं होतास? जत्रेत, म्हणाला. कुणी पाहिलं? बायकोनं. फौजदार हसले. मी सकाळी पाहिलं होतं, दुपारी नव्हतं. आणि आज खरं सांगतो जमादार, सिद्रामच्या तोंडाकडे बघताना माझ्या मनात आलं, यानंच तर केलं नसेल? तीन वर्षं ज्याच्यासाठी भांडलो त्याच्याबद्दल आलं. हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही.

तेव्हा तुम्ही आत आलात. कपाटातून रजिस्टर काढलंत आणि गड्ड्याच्या दिवसाचं पान फौजदारांपुढे धरलंत. त्या दिवशी आवारात बसवलेल्यांची नावं ओळीनं, आणि सगळ्यांच्या खाली तुमच्या मोठ्या वळणदार अक्षरात: सिद्राम. पाणपोईवर हजर.

"याचं नाव तर कमी झालंय," फौजदार म्हणाले. "हा इथं कशाला आला?"

"जत्रंतनं मागारी हितंच आला. सवय, सायेब," तुम्ही म्हणालात. "जनावर बी सोडलं तरी सांजच्याला दावनीला येतंच की."

फौजदार पुन्हा हसले. सिद्राम सुटला. आणि मी तुमच्याकडे न बघता घरी निघून आलो, कारण ते दावणीचं वाक्य माझ्या छातीत रुतलं होतं. माणसाला तुम्ही जनावर म्हणालात, तेही त्याच्या तोंडावर. चारपाच महिने मी तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही खिडकीशी यायचात, कुणाची चूल थंड आहे ते सांगायचात, मी नुसती मान हलवायचो आणि सांगितलेलं काम करून टाकायचो.

चोर कधीच सापडला नाही. त्यामुळे माझ्या मनात तो प्रश्न तसाच राहिला, आणि दुसराही एक. ती ओळ खरी होती का? सिद्राम खरोखर आपल्या पायांनी पाणपोईवर आला असेल, तर मी मिळवून दिलेल्या सुटकेला अर्थ काय? आणि आला नसेल, तर ज्या माणसानं रजिस्टरात कधी खोटा शब्द लिहिला नाही, त्यानं माझी चूक निस्तरायला तो लिहिला. दोन्ही उत्तरं मला नको होती. म्हणून इतकी वर्षं विचारलं नाही. आपण पावसापाण्याचं बोललो, मिलच्या संपाचं बोललो, वहिनींच्या गुडघ्यांचं बोललो, त्या ओळीचं एकदाही नाही.

पुढे तुम्ही पेन्शनीत निघालात. सिद्राम मात्र मिल सुटली की रोज संध्याकाळी तुमच्या दारात यायचा. आत यायचा नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून "आलो ओ, जमादार" म्हणायचा. तुम्ही आतून "हं" करायचात. कधी "चूल पेटली का?" विचारायचात. तो "पेटली की" म्हणून चालू लागायचा. झालं. मी एकदा तुमच्या ओट्यावर बसलेलो असताना हे पाहिलं आणि पुन्हा भडकलो.

"नोकरी संपली तरी हजेरी घेताय? कायमचं बांधून ठेवलंत त्याला."

"म्या कुटं बोलीवतो? त्यो येतो."

"मग येऊ नको म्हणून सांगा."

"तुमी सांगा. माज्यानं न्हाय हुनार."

त्यावर मी काहीतरी जिव्हारी लागेल असं बोललो असणार, कारण वहिनी मध्ये पडल्या. विषय बदलायला म्हणून त्यांनी तुमचंच गाऱ्हाणं सुरू केलं, "तुमीच सांगा ह्यास्नी. लेक नातेपुत्याला दिली, पर येक रात ऱ्हायला येत न्हाईत. दिस मावळायच्या आत घरला पायजेत. काय खजिना हाय हितं कुनाला ठावं!" मी तुम्हाला घरकोंबडा म्हणालो. तुम्ही हसलात आणि तंबाखू मळत राहिलात. हे दिवाळीच्या आधीचं. त्यानंतर तुम्हाला ताप आला.

काल दहाव्याहून परतताना सिद्राम माझ्याबरोबर चालत होता. केस पांढरे झालेत त्याचे. तुम्ही नव्हतात, म्हणून मला धीर आला. त्याला सरळ विचारलं, "सिद्राम, त्या गड्ड्याला तू पाणपोईवर गेला होतास का रे?"

तो रस्त्यातच थांबला. "न्हाय की सायेब. तुमास्नी ठावं हाय की."

"मला कसं ठाऊक असणार?"

"जमादार म्हनले मला. कारकूनसायबांनी सांगितलं म्हनून लिवलं. त्येंनी तुजी खातरी दिली, त्येंचं नाव खराब करू नगंस. म्हनून तर दर गड्ड्याला चटनी घिऊन पयल्यांदा तुमच्याकडं येतो न्हवं का."

जमादार, ती चटणी मी इतकी वर्षं खातोय. मला वाटायचं, नोकरी लावून दिली त्याबद्दल आणतो. दारात येऊन पायाला हात लावायचा, आणि मी "अरे, त्यात काय" असं म्हणायचो. मोठेपणानं म्हणायचो.

"मग दुपारभर होतास कुठं?"

"जत्रंत. पाळन्यात बसलो, चिरमुरं खाल्लं. जमादार हुतेच की मागं."

"कुठं मागं?"

"दिसभर. डोक्याला मुंडासं बांदून, शेतकऱ्यावानी. पर मिशा कुटं दडतील? म्या वळखलं. पुढं गर्दीत गंगी हारवली, तवा त्येंनीच हुडकून आनली. हातात बांगड्या भरून दिल्या तिच्या. मला म्हनले, पुढं हो, म्या हितं न्हाय." आणि मग तो म्हणाला, "लई बरं वाटलं हुतं, सायेब. कुनीतरी हाय म्हनून."

मी पुढे चालत राहिलो. मी तुमच्या हातात दिलेला, पाळत ठेवू नये म्हणणारा कागद खिशात ठेवून तुम्ही त्याच्या मागे दिवसभर फिरत होतात. बंदोबस्त सोडून. हे कळतं तर तुमचे पट्टे गेले असते, आणि सिद्रामलाही तुमच्या साक्षीचा उपयोग झाला नसता. म्हणून तुम्ही स्वतःला आणि त्याला, दोघांनाही उचलून पाणपोईवर ठेवलंत. पाणपोई खोटी होती. हजर खरं होतं. मी विश्वासाच्या गप्पा मारल्या आणि ऐन वेळी मला खात्री नव्हती. तुम्हाला होती, कारण तुम्ही बघत होतात. पण हेही सांगतो, तुमचं सगळं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. ज्याला मोकळं सोडलं त्याच्या मागे लपून फिरणं, हे बरोबर कसं? असं मी म्हटलं असतं. तुम्ही बसायला सांगितलं असतंत. यापुढचं मला सुचत नाही, कारण ते तुम्ही बोलायचं होतं.

बांगड्यांचं एकदा तरी सांगायचंत.

घरी येऊन मी आंघोळ केली, कपडे वाळत घातले. संध्याकाळी बायको म्हणाली, दारात कोण उभं आहे बघा. सिद्राम होता. सकाळी भेटलेला माणूस पुन्हा आलेला पाहून मला वाटलं, काही अडलं असेल.

"काय रे, काम होतं का?"

"काम न्हाय." तो उंबऱ्याबाहेरच थांबला होता. पायांत वहाणा तशाच. मग म्हणाला, "आलो ओ, सायेब."

हजेरी बंद करा म्हणून मी तुमच्याशी आयुष्यभर भांडलो. तेव्हा 'तुमी सांगा' म्हणाला होतात. काल ती वेळ माझ्यावर आली, आणि माझ्यानंही झालं नाही.

"हं," मी म्हणालो. "चूल पेटली का?"

"पेटली की."

"मग जा घरी."

तो गेला. मी बराच वेळ दारात उभा होतो. तरीही रडू आलं नाही.

आज मिलमधून निघताना वकिलांनी मंडळाच्या सभेला बोलावलं. सभा सहाला होती. सकाळी घ्या, म्हणून सांगून आलो. त्यांनी कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही. आता हे लिहितोय, ऊन भिंतीवरून उतरलंय, बायकोनं कंदील पुसायला घेतलाय. तुम्ही नातेपुत्याला मुक्काम का करत नव्हतात, ते मला कळलं, जमादार. इथंच थांबतो. सिद्राम येईल, तेव्हा मी दारात असायला हवं.